पाणी आलं!

२०२५ चा मे महिना, तिसरा आठवडा, दुपारी साडेतीनचा सुमार. सासूबाई यवतमाळकडून महिनाभर राहायला आमच्याकडे पुण्याला आल्या होत्या, आणि आल्या दिवसापासून गच्चीवर त्यांचं वाळवण चाललं होतं. गव्हाचा चीक, सोऱ्या, जुन्या साडीवर ओळीनं घातलेल्या कुरडया, साडीच्या चार टोकांना चार विटा. मी खाली पंख्याखाली आडवा झालो होतो. डोळा लागतोय न लागतोय तोच जिन्यातून त्यांची आरोळी आली, "पाणी आलं! पाणी आलं! धावा!"

मी धावलो. न्हाणीघरातले दोन्ही नळ सोडले, पिंप सरकवलं, बादल्या मांडल्या, स्वयंपाकघरातली कळशी आणून रांगेत ठेवली. नळ नुसता फुसफुसत होता. येईल, येईल म्हणून मी तोटीकडे बघत उभा राहिलो. पाच मिनिटांनी सासूबाई जिना उतरून आल्या. पदर ओला, केस ओले, हातात साडीचं गाठोडं आणि गाठोड्यातून टपटप गळणारा चीक.

"काय करून राहिले तुम्ही इथं?"

"पाणी भरतोय."

"पाणी वर पडून राहिलं ना, जावईबापू!"

त्या कुरडयांचं पुढं काय झालं ते सांगत नाही. आमच्या घरात तो विषय अजून ओला आहे.

विदर्भात पाऊस कमी येतो, पाणी जास्त येतं. पाणी पडतं, पाणी लागतं, यंदा पाणी बरं झालं, यंदा पाण्यानं दगा दिला. लग्नाला पंधरा वर्षं झाली, एवढं मला ठाऊक असायला हवं होतं, आणि तसं ते होतंही. पण अर्धवट झोपेतला माणूस सासुरवाडीची बोली आठवत बसत नाही, तो थेट नळाकडे धावतो. पुण्यात पाऊस वेगळा आणि पाणी वेगळं. पाऊस आभाळातून येतो, पाणी महापालिकेकडून. दोघांची सोयरीक जुळते ती खडकवासल्याला, आणि तीसुद्धा टीएमसीत मोजतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून २९ टीएमसी साठा झाला, धरणं भरली, की पुणेकर म्हणतो, 'यंदा पाऊस चांगला झाला.' मग त्याच्या स्वतःच्या डोक्यावर थेंब पडलेला असो वा नसो. सासूबाईंना ही विभागणी अजून पटलेली नाही. वरून पडतं तेच विहिरीत येतं आणि तेच माठात जातं, मग त्याला दोन नावं कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला उत्तर सुचलेलं नाही.

आमच्या घरातला हा पहिला अपघात नव्हे. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात बायको एके सकाळी खिडकीशी उभी राहून मोठ्या खुशीत म्हणाली, "झड लागली." मी तत्परतेनं उठलो आणि खिडकी लावून घेतली. तिनं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं आणि खिडकी उघडली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "काय मस्त झड लागलीय." मी पुन्हा खिडकी लावली, वर कडीही घातली. नवा संसार, त्यामुळं दोघंही काही बोललो नाही. पण त्या दिवशी जेवणं जरा शांततेत झाली.

मी कुडाळकडचा. आमच्याकडे झड म्हणजे वाऱ्यानं तिरपा होऊन पडवीत, ओटीवर, थेट अंथरुणापर्यंत घुसणारा पाऊस. झड येऊ नये म्हणून मिरगाच्या आधी माडाची झापं बांधून पडवी झाकायची. झड ही अडवायची गोष्ट. तिच्या गावी झड म्हणजे दोन-दोन, तीन-तीन दिवस बारीक धारेनं लागून राहिलेला पाऊस. त्यात जोर नसतो, वारा नसतो, फक्त खळ नसतो. शेतात चिखल, बैल गोठ्यात, बाबा घरात, चुलीवर भाजलेल्या शेंगा. एरवी दिवसभर रानात असणारा बाप तीन दिवस घरात सापडतो, तो झडीत. तिला ते दिसत होतं, आणि मी कडी घालत होतो.

या पावसाला पुण्यातली वर्तमानपत्रं संततधार म्हणतात आणि पुण्यातली माणसं पिरपिर. पिरपिर लहान मूलही करतं, त्यावरून पुणेकरांचं पावसाविषयीचं मत कळावं. मला तर अलीकडे असं वाटायला लागलंय की बारीक पावसाची आपली सगळी नावं पावसापेक्षा माणसाचा पत्ताच जास्त सांगतात. खिडकीशी चहाचा कप घेऊन बसलेल्याची रिमझिम असते. बसथांब्यावर उभ्या असलेल्याची रिपरिप. दोरीवर तीन दिवस न वाळलेले कपडे ज्याच्या नशिबी आहेत त्याची पिरपिर, आणि पांढरी विजार घालून लग्नाला निघालेल्याची चिकचिक. मिलिमीटरमध्ये मोजल्या तर चौघी सख्ख्या बहिणी निघतील. शिवाय 'शिरवे' हा एक शब्द आहे. उभ्या महाराष्ट्राला तो बालकवींमुळं तोंडपाठ आहे, पण रस्त्यात अचानक सर आली म्हणून 'अरे, शिरवं आलं, आडोशाला ये' असं मी पुण्यात कुणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. काही शब्द परीक्षेत दोन गुण देण्यापुरतेच भिजतात.

नामांचं हे असं, तर क्रियापदांचं विचारूच नका. मराठीत पाऊस पडतो, ऊनही पडतं, थंडीही पडते आणि धुकंही पडतं. वारा मात्र पडला म्हणजे थांबला. तो सुरू व्हायचा तर सुटावा लागतो. ऊन लागतं तेव्हा माणूस आजारी पडतो आणि पाऊस लागतो तेव्हा घरात बसतो. थंडी तर चक्क वाजते. आमच्या कार्यालयात एक तेलुगू भाषक सहकारी आहेत, त्यांनी नेटानं मराठी शिकून घेतलीय. एकदा मी खिडकीतून डोकावून म्हणालो, "चला, पाऊस उघडला." हे गृहस्थ मुकाट्यानं पिशवीतून छत्री काढून बसले. त्यांचा तर्क चोख होता. नळ उघडला म्हणजे पाणी सुरू झालं, तर पाऊस उघडला म्हणजे दुसरं काय होणार?

आणि उघडला म्हणायचं तरी कधी? गावी आमच्या वडिलांचा नियम असा की पागोळ्या गळायच्या थांबल्या की पाऊस उघडला. आईच्या मते कावळा ओरडला की. बायको समोरच्या रस्त्यावरच्या छत्र्या बघते. त्यातल्या निम्म्याहून अधिक मिटलेल्या दिसल्या तर उघडला, म्हणजे बहुमतानं. मुलाला लहानपणी आम्ही 'बघ, आभाळ आलंय' असं म्हटलं तेव्हा त्यानं विचारलं होतं, "मग ते गेलं कुठं होतं?" वास्तविक ढग आले, आभाळ होतं तिथंच आहे. पण 'ढग आलेत' म्हणताना जीव घाबरा होत नाही, 'आभाळ आलंय' म्हणताना होतो, आणि गच्चीवर कुरडया असतील तर फारच.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. हवामान खात्यात उभी नोकरी करून निवृत्त झालेले. पुण्याला या खात्याचं अप्रूप जुनं. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, १९४४ साली ते दिल्लीला गेलंही, पण शिवाजीनगरची ती इमारत आणि तिथला चौक पुणेकरांच्या तोंडी अजून 'सिमला ऑफिस'च आहे. ज्या गावात हिमाचा कण पडत नाही तिथं भर चौकाला सिमल्याचं नाव आहे आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. मग शब्दांच्या नेमकेपणाबद्दल आम्ही कुणाशी काय भांडणार? काका मात्र भांडतात. त्यांच्या बाल्कनीत स्वतःचं पर्जन्यमापक आहे, आणि रोज सकाळी बरोबर साडेआठला ते त्यातलं पाणी मोजून वहीत लिहितात. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो. त्यामुळं रविवारी संध्याकाळी मी भिजलो, तर त्यांच्या वहीत तो सोमवारचा पाऊस. मी रविवारी सोमवारच्या पावसात भिजतो, आणि ते मला शास्त्रशुद्ध पद्धतीनं पटवूनही देतात.

एकदा मी ऑफिसातून चिंब होऊन आलो. जिन्यात काका भेटले. म्हटलं, "काय दिवस आहे हो, नुसता पाऊस!" दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन ते वर आले. म्हणाले, "दोन मिलिमीटर. खात्याच्या व्याख्येनुसार पावसाळी दिवस ठरायला किमान अडीच लागतात. तेव्हा कालचा दिवस पावसाळी नव्हता." माझे बूट अजून वर्तमानपत्राचे बोळे कोंबून गॅलरीत ठेवलेले होते. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, "ते उपकरण प्रमाणित नाही."

त्यांच्याकडून शिकलो की हलका पाऊस म्हणजे चोवीस तासांत साडेपंधरा मिलिमीटरपर्यंत, त्यापुढं ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार. आता हे चोवीस तासांचं गणित आहे. तोच पंधरा मिलिमीटर पाऊस जर वीस मिनिटांत कोसळला, तर आमच्या भागातल्या भुयारी रस्त्यात स्कूटर बंद पडते. ती हलक्या पावसात बंद पडली हे मेकॅनिकला सांगायची सोय नाही, तो हसतो. मी काकांना विचारलं, म्हणजे ६४.४ ला मुसळ नाही आणि ६४.५ ला मुसळ? ते म्हणाले, रेघ कुठंतरी ओढावीच लागते. मुद्दा खरा आहे. आणि मुसळधार म्हणणाऱ्या आमच्यापैकी तरी मुसळ हातात धरलेलं कोण आहे? सासूबाई आहेत. त्यांनी काकांना सांगितलं की धार मुसळाएवढी होती की नव्हती हे पत्र्यावरच्या आवाजावरून कळतं, मोजून नाही.

पण या दोघांचं खरं वाजलं ते 'तुरळक'वरून. हवामानाच्या अंदाजात येतं ना, 'तुरळक ठिकाणी जोरदार पावसाची शक्यता'. सासूबाईंचा अर्थ: पाऊस तुरळक पडेल. मग जोरदार कसा? तुरळकही म्हणता आणि जोरदारही म्हणता, एक काय ते ठरवा. काकांनी पेन काढलं. तुरळक हे पावसाचं विशेषण नाही, ठिकाणांचं आहे. एखाद्या विभागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी पाव हिश्शापर्यंत केंद्रांवर पाऊस होणार असेल तर तुरळक ठिकाणी, निम्म्यापर्यंत काही ठिकाणी, पाऊण हिश्शापर्यंत बऱ्याच ठिकाणी, त्यापुढं बहुतांश ठिकाणी. पण जिथं पडेल तिथं तो धो धोही पडेल. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझी गच्ची पाव हिश्शात आहे की पाऊण?" काकांनी पेन परत खिशाला लावलं.

प्रश्न चेष्टेचा वाटतो, पण मुंबईकरानं २६ जुलै २००५ ला त्याचं उत्तर बघितलेलं आहे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला ७३. त्या दिवशी कुलाब्याला बसलेला माणूस 'हो, पडतोय बरा' म्हणत असेल तर तो खोटं बोलत नव्हता. त्याच वेळी कालिन्याला त्याचा मेव्हणा टेबलावर खुर्ची ठेवून खुर्चीवर उभा असेल. 'मुंबईत पाऊस आहे' हे वाक्य दोघांनाही सारखंच लागू.

उन्हाचीही हीच गत. पुण्यात पारा अडतीसला टेकला की आम्ही 'काहिली', 'आग ओकणारा सूर्य' वगैरे बोलू लागतो. सासूबाई मे महिन्यात पुण्यात आल्या की संध्याकाळी गॅलरीत उभ्या राहून म्हणतात, "तुमच्याकडे ऊन पडतं का कधी?" वडील गावाहून येतात तेव्हा त्यांची तक्रार उलटी. त्यांच्याकडे पारा तेहतीस-चौतीसच्या वर फारसा जात नाही, पण हवेतल्या पाण्यानं माणूस निथळत असतो. ते 'ऊन' म्हणतच नाहीत, 'उकडतंय' म्हणतात. उकडणे हे क्रियापद आपण माणसाला आणि बटाट्याला एकच वापरतो, आणि ज्यानं मे महिन्यात मुंबईची लोकल दुपारी पकडलीय त्याला त्याचं कारण विचारायची गरज पडत नाही. यवतमाळ भाजतं, कुडाळ उकडतं. एकाची भाकरी होते, दुसऱ्याचा उकडा तांदूळ.

त्यात 'उष्णतेची लाट' आली. काकांच्या हिशेबानं किनाऱ्यावर पारा ३७ किंवा त्याच्या पुढं आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढा असेल तर लाट म्हणता येते. सपाट मुलखात त्यासाठी निदान ४० लागतात, शिवाय तोच साडेचारचा फरक, नाहीतर मग सरळ ४५. म्हणजे वडील ३७ ला लाटेत सापडू शकतात, आणि सासूबाईंच्या गावी ४४ झालं तरी तिथं मे महिन्यात एरवीही ४२ असल्यानं लाट येत नाही. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लाट समुद्रालाच येणार ना. आम्हाला कुठली?" मला वाटतं, खात्यानं इतका सोपा खुलासा आजवर दिला नसेल.

थंडीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुण्या-मुंबईत ती थोडक्यातच असते. मुंबईत रात्री सोळा अंश झाले की 'मुंबई गारठली' असा मथळा येतो. निफाडचा द्राक्षवाला तो मथळा वाचतो तेव्हा त्याच्या बागेत पारा कितीवर असतो आणि त्याच्या तोंडून कोणता शब्द निघतो, ते इथं छापता येणार नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की आपण त्याला कौतुकानं हिमकण म्हणतो आणि पहाटे मोटारींची रांग लावतो. 'गुलाबी थंडी' नावाचा एक प्रकार फक्त दिवाळी अंकांत पडतो. धुक्याचाही वाद एकदाच झाला, ताम्हिणीत, जुलै महिन्यात. मुलगा ओरडला, "काय भारी धुकं!" मी म्हटलं, "हा ढग आहे, आपण ढगात उभे आहोत." काका सोबत होते. म्हटलं, आता निकाल लागेल. ते म्हणाले, "हजार मीटरच्या आतलं दिसत नसलं की इथल्या माणसाला ते धुकं. खाली उभा असेल त्याला तोच ढग." पहिल्यांदाच त्यांनी दोघांना पास केलं.

आता त्या मे महिन्यातल्या पावसाकडे वळतो, कारण कुरडया बुडवणाऱ्याचं नाव निश्चित व्हायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा होता, 'अवकाळीचा तडाखा'. मला तो शब्द खटकला. वैशाखात दुपारी तापतं, तिसऱ्या प्रहरी पूर्वेकडून ढग चढतात, धूळ उठते, टपोरे थेंब पडतात, कडकडाट होतो, अर्ध्या तासात सगळं संपून मातीचा वास मागं राहतो. या पावसाला वळीव म्हणतात. तो दरवर्षी येतो आणि त्याच दिवसांत येतो. त्याला अवकाळी म्हणणं म्हणजे दर सुट्टीत न चुकता येणाऱ्या आत्याला आगंतुक म्हणण्यासारखं आहे. अवकाळी म्हणजे डिसेंबरात तूर शेंगेवर असताना येणारा, किंवा २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा घेऊन आला आणि हातातोंडाशी आलेला गहू-हरभरा झोपवून गेला तो. पण हल्ली पंचांगातले दोनच रकाने उरलेत: मान्सून आणि अवकाळी. मधल्या सगळ्या पाहुण्यांची नावं आपण पुसून टाकलीत.

असं मी मोठ्या तावातावानं बोललो. काका म्हणाले, "वळीव दहा दिवस नसतो." ही अडचण होती. कारण त्या वर्षी तो थांबेचना. सकाळी पाऊस, रात्री पाऊस, ना कडकडाट, ना मातीचा वास. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र आहे, याला मान्सूनपूर्व म्हणा, असा काकांचा निवाडा. मान्सूनपूर्व हा शब्द मला फार हुशार वाटतो. तो पावसाचं नाव सांगतच नाही, फक्त पुढं कोण येतंय ते सांगतो. सासूबाईंच्या मनात मात्र दुसरीच धास्ती. २५ मेला सूर्य रोहिणीत जातो आणि नवतपा लागतो. नऊ दिवस धरणी सडकून तापली पाहिजे, तरच पुढं पाणी बरं होतं असा त्यांच्याकडचा ठाम समज. "नवतपाच भिजला तर पुढं काय?" असं म्हणत त्या यवतमाळला रोज फोन लावत होत्या. आणि मग खात्यानं जाहीर केलं की मान्सून २४ मेला केरळात आला, २६ मेला मुंबईत. एरवी मुंबईचा मुहूर्त ११ जूनचा.

म्हणजे त्याच गच्चीवर, त्याच कोपऱ्यातून गळणारा तोच पाऊस मंगळवारी अवकाळी होता, गुरुवारी मान्सूनपूर्व होता आणि पुढच्या सोमवारी मान्सून झाला. मी काकांना विचारलं, कुरडयांच्या दिवशी नेमका कोण होता? त्यांनी वही चाळून सांगितलं, "अठ्ठावीस मिलिमीटर. मध्यम."

हे सगळं हसण्यावारी जातं, कारण आमचं बुडतं ते कुरडयांपुरतं. सासऱ्यांचं तसं नाही. यवतमाळकडे त्यांची कपाशी आणि सोयाबीन आहे. त्यांच्याकडे पावसाचे शब्द वेगळेच: ओल किती बोटं गेली, पेरणीजोगं झालं का, वाफसा आला का. वाफसा ओळखायचा तर माती मुठीत दाबायची आणि तो गोळा खाली टाकायचा. फुटला तर वाफसा आला, चिकटून राहिला तर अजून थांबा. शेजारशेजारच्या बांधांवरचे दोघे एकाच मातीचा गोळा टाकून वेगवेगळी मतं देताना मी पाहिलेत, पण ते भांडण गोडीचं. एक आणखी शब्द आहे, त्याचं भांडण गोडीचं नाही. अतिवृष्टी. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की सरकारी कागदावर अतिवृष्टी. एका वर्षी सासऱ्यांच्या शेतात गुडघाभर पाणी होतं आणि मंडळाच्या ठिकाणचं यंत्र बारा किलोमीटरवर. तिथं पडला ६१. सासरे फोनवर म्हणाले, "चार मिलिमीटर कमी पडले. इथं ये, पाहिजे तेवढे नेऊन घाल त्या यंत्रात." मी हसलो. ते हसले नाहीत.

त्याच २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात शेतंच्या शेतं खरवडून गेली तेव्हा 'ओला दुष्काळ जाहीर करा' अशी मागणी झाली. सरकारचं उत्तर आलं की ओला दुष्काळ असा शब्द नियमावलीत नाही, दुष्काळाच्या सवलती मात्र देऊ. मधल्या काही वर्षांत 'दुष्काळसदृश' असा एक शब्दही वाचनात आला होता. सदृश म्हणजे सारखा. पीक गेलं, पण गेल्यासारखं. काकांना मी विचारलं, दुष्काळसदृश किती मिलिमीटर असतो? ते म्हणाले, "हा शब्द आमच्या खात्याचा नाही." त्यांना इतक्या घाईनं अंग काढून घेताना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

पण मी पुढं गेलो. मे महिन्यातल्या त्या आठवड्याचं एक सांगायचं राहिलंच. मान्सून तळकोकणात उतरल्याची बातमी आली त्या संध्याकाळी मी गावी फोन लावला. घरात सगळे होते म्हणून आवाज मोठा करून ठेवला. पलीकडून इतका गडगडाट येत होता की आधी वाटलं वडील गिरणीत उभे आहेत.

"बाबा, पाऊस आहे का तिकडे?"

"काय?"

"पाऊस! पाऊस आहे का?"

"पावस खंय?" वडील ओरडून म्हणाले. "सर इली नि गेली." आणि पाठोपाठ मंगलोरी कौलांवर असा काही लोंढा आदळला की पुढची दोन वाक्यं त्यात वाहून गेली. काका चहाला आले होते, त्यांनी कान टवकारले. नुसत्या आवाजावरून ताशी तीस-चाळीस मिलिमीटरचा अंदाज त्यांनी माझ्या कानात सांगितला. वडिलांच्या लेखी तो पाऊस नव्हता. पाऊस म्हणजे व्हाळ दुथडी वाहायला हवा, शेतातले बांध दिसेनासे व्हायला हवेत, वीज दोन दिवस नसायला हवी. ही आपली सर. इली नि गेली. गेली कुठं, ते मात्र ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दारातून आईचा आवाज आला, वडिलांच्याही वरताण, कौलांच्याही वरताण:

"अहो, आयकलात? पाणी इला! पाणी इला!"

फोन तसाच ठेवून वडील पळाले असावेत. मागं नुसता धो धो आवाज उरला. सासूबाई आणि बायको ताडकन उठून गच्चीच्या जिन्याकडे निघाल्या. काकांनी घड्याळ बघितलं. मी जाऊन नळ तपासून आलो.